एकदा रिपोर्ट चांगला आला, मग पुन्हा सुई कशाला?

डॉक्टरबाई, नमस्कार. मी ४३ वर्षांची. शिवाजी पेठेत राहते, घरी शिलाईकाम करते. हे मार्केट यार्डात गुळाच्या अडतीवर दिवाणजी आहेत. श्रावणात अंघोळ करताना डाव्या स्तनात गाठ हाताला लागली. दुखत नाही म्हणून महिनाभर कुणाला बोलले नाही. मग सोनोग्राफी केली, त्यात ‘बायरॅड्स ४ए’ असं लिहून आलं. तीन आठवड्यांपूर्वी दवाखान्यात सुईनं पाणी काढून तपासलं. त्याचा रिपोर्ट ‘बिनाईन, सी-टू’ आला. घरात सगळ्यांचा जीव भांड्यात पडला, अंबाबाईची ओटी भरून आलो. आता सर्जन म्हणतात, मोठ्या सुईनं तुकडा काढून परत तपासायचं. ह्यांचं म्हणणं, एकदा चांगलं आलंय तर परत कशाला, हे पैसे काढायचे धंदे आहेत. आत्ती म्हणतात, तसल्या गाठीला सुई टोचली की ती चवताळते, त्यांच्या मावसबहिणीचं तसंच झालं. नवरात्र तोंडावर आलंय, घरात घट बसतात, ब्लाउजची कामंही अंगावर आहेत. सगळे म्हणतात दिवाळी झाल्यावर बघू. मी काय करू?

ताई, उत्तर आधी देते, कारण पत्र वाचताना मला दिसलं की तुम्हाला ते आतून माहीत आहे, फक्त कुणीतरी म्हणायला पाहिजे आहे. तुकडा काढून घ्या. दिवाळीपर्यंत थांबू नका.

हे वाचून पोटात गोळा आला असेल, म्हणून दुसरी गोष्टही लगेच सांगते. सोनोग्राफीत ४ए, म्हणजे ‘थोडी शंका आहे’, म्हणून लिहिलेल्या शंभर गाठींचे तुकडे काढले, तर त्यातल्या नव्वद किंवा त्याहून जास्त साध्या निघतात. म्हणजे तुमची गाठ साधी असण्याचीच शक्यता जास्त आहे. सर्जननाही तेच वाटत असणार. तरीही ते पुन्हा सुई लावायला सांगताहेत, ते का, हे नीट कळलं की घरात बोलायला तुम्हाला जोर येईल. मी तीसेक वर्षं इथंच कोल्हापुरात सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून काढली आहेत. तुमचा आला तसे ‘सी-टू’, म्हणजे ‘साधी गाठ’, किती लिहिले असतील याची गणती नाही. म्हणून तो कागद काय सांगतो आणि काय सांगत नाही, ते मला चांगलं ठाऊक आहे.

आपल्याकडे ‘पाणी काढलं’ म्हणतात खरं, पण बहुतेक वेळा पाणी निघतच नाही. गाठ म्हणजे पाण्याची पिशवी असली तर सिरिंजमध्ये पिवळसर, कधी हिरवट पाणी येतं आणि गाठ तिथल्या तिथं बसते. तुमची गाठ अजून हाताला लागते असं गृहीत धरते, म्हणजे ती भरीव आहे. अशा गाठीत डॉक्टर दोन बोटांनी गाठ धरून सुई घालतात. ही सुई रक्त काढतात तेवढ्याच जाडीची किंवा त्याहूनही बारीक असते, जेमतेम अर्धा-पाऊण मिलिमीटर. सिरिंज ओढून धरायची, सुई आतल्या आत मागं-पुढं, थोडी या दिशेला, थोडी त्या दिशेला फिरवायची, आणि बाहेर काढायच्या आधी ओढ सोडून द्यायची. सुईच्या पोकळीत येतो तो एखादा थेंब. तो काचेच्या पट्टीवर टाकून दुसऱ्या पट्टीनं पसरतात. काही पट्ट्या लगेच अल्कोहोलमध्ये बुडवतात, काही हवेत वाळवतात, मग रंग देतात. यालाच एफएनएसी म्हणतात.

ही युक्ती काही आजची नाही. १९३० साली न्यूयॉर्कच्या मेमोरियल हॉस्पिटलमध्ये मार्टिन नावाचे सर्जन आणि एलिस नावाचे तंत्रज्ञ यांनी सुईनं गाठीतला अंश ओढून तपासायची पद्धत छापून आणली. त्यांची सुई आजच्यापेक्षा बरीच जाड होती. पुढं स्वीडनमधल्या डॉक्टरांनी बारीक सुई वापरून ती घरोघरच्या दवाखान्यात करण्याइतकी सोपी केली. आपल्यासारख्या देशात तर ती वरदानच ठरली. भूल नाही, टाका नाही, कमी खर्चात काम आणि दुसऱ्या दिवशी हातात रिपोर्ट. हल्ली मोठ्या शहरांतले काही जण एफएनएसीचं नाव काढलं की नाक मुरडतात, ते मला पटत नाही. बावीस वर्षांच्या मुलीची बोटाखाली सुळकन सटकणारी गुळगुळीत गाठ असेल, काखेत सुजलेली गाठ असेल, दूध पाजणाऱ्या आईला गळू झालं असेल, तर आजही मी आधी बारीक सुईच म्हणेन. स्तनाच्या गाठीत आपल्याकडे कधी कधी क्षयरोगही सापडतो, आणि त्याची पहिली चाहूल या पट्टीवरच लागते.

आता पट्टीवर आम्ही बघतो काय? साध्या गाठीतल्या पेशी पंगतीला बसल्यासारख्या असतात. एकमेकींना चिकटून, सारख्या अंतरावर, मधाच्या पोळ्यासारख्या सपाट चादरीत. फायब्रोअडेनोमा असेल तर ह्या चादरींना हरणाच्या शिंगांसारखे फाटे फुटलेले दिसतात. आणि आजूबाजूला तीळ सांडावेत तसे बारीक, लांबट, उघडे ठिपके विखुरलेले असतात. ती दुसऱ्या जातीच्या पेशींची केंद्रकं. तीळ भरपूर दिसले की आमचा जीव निवांत होतो. कॅन्सरमध्ये पंगत मोडते. पेशी एकमेकींचा हात सोडून सुट्या सुट्या हिंडतात, केंद्रकं मोठी आणि वेडीवाकडी होतात, कुणाचा आकार कुणाशी जुळत नाही, आणि ते तीळ नाहीसे झालेले असतात. पट्टी नीट बनलेली असली आणि दृश्य असं ठसठशीत असलं, तर अनुभवी डोळ्याला फार वेळ लागत नाही.

पण सगळ्या पट्ट्या अशा ठसठशीत नसतात. म्हणून रिपोर्टाचे पाच खण केले आहेत. पहिला, पेशी पुरेशा मिळाल्याच नाहीत. दुसरा, साधी गाठ. तिसरा, जरा वेगळं वाटतंय. चौथा, बराच संशय आहे. पाचवा, कॅन्सर. २०१६ साली जपानमधल्या योकोहामा शहरात पेशीतज्ज्ञांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती, तिथून या पाच खणांच्या नव्या मांडणीची सुरुवात झाली, म्हणून तिला आता त्या शहराचंच नाव आहे. आपल्याकडच्या लॅब अजून सी-वन, सी-टू असे जुने आकडे लिहितात, त्यात बिघडत काही नाही. दुसऱ्या खणात पडलेल्या शंभर गाठींमध्ये एखाद-दोन पुढे कॅन्सरच्या निघतात. हा आकडा फार चांगला आहे. पण तो सगळ्या वयांच्या, सगळ्या प्रकारच्या गाठी एकत्र धरून काढलेला आहे. तुमची गाठ ४३ वर्षांच्या बाईची आहे आणि सोनोग्राफीवाल्याला तिच्यात काहीतरी खटकलेलं आहे. तेव्हा शंभरातल्या त्या एखाद-दोघींमध्ये आपण नाही, हे नुसत्या सी-टूवरून ठरवता येत नाही.

आपण म्हणतो, शितावरून भाताची परीक्षा. बरोबर आहे. पण शीत त्याच पातेल्यातलं असायला लागतं. सुईच्या तपासणीत नेमकी इथंच मेख आहे.

एक गोष्ट सांगते. ही माझ्या खात्यातली चूक आहे, दुसऱ्या कुणाची नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी माझ्याकडे एक पट्टी आली. सोबतच्या कागदावर नाव, वय आणि ‘उजवी बाजू, गाठ’ एवढंच. पट्टीवर तीन-चार झुबके, सगळे साधे, थोडी चरबी. मी ‘बिनाईन’ लिहून मोकळी झाले. नऊ-दहा महिन्यांनी तीच बाई परत आली तेव्हा गाठ लिंबाएवढी झाली होती आणि काखेतही उतरली होती. मी जुनी पट्टी काढून पुन्हा बघितली. पुन्हा पुन्हा बघितली. माझं वाचन चुकलेलं नव्हतं. पेशी खरोखरच साध्या होत्या, पण त्या गाठीतल्या नव्हत्याच. गाठ खोल आणि कडक होती, सुई तिच्या कडेनं घसरून शेजारच्या निरोगी मांसात गेली होती. मी फोन उचलून एवढंच विचारायला हवं होतं, की गाठ हाताला कशी लागते आणि फोटोत काय दिसतंय. ते मी विचारलं नाही. त्यानंतर सोनोग्राफीचा कागद जोडलेला नसेल तर मी पट्टी बाजूला ठेवायला लागले, लोक चिडायचे, चिडू दे म्हटलं.

साधा रिपोर्ट फसवा ठरतो तो बहुतेक अशानं. सुई चुकते. कधी सुई बरोबर जागी जाते, पण गाठच अशी असते की पेशी सुटून येत नाहीत. एका जातीचा कॅन्सर दाट, चिवट मांसात एकेक पेशीच्या ओळीनं पसरतो, त्यातून सुईला फार थोडं मिळतं, आणि जे मिळतं ते दिसायला इतकं शांत असतं की फसायला होतं. काही गाठी तर अशा असतात की नुसत्या पेशी बघून त्यांची जातच ठरत नाही. फायब्रोअडेनोमाची एक मोठी, आडदांड बहीण असते, फायलोड्स नावाची. पट्टीवर दोघी जुळ्या दिसतात. मांसाचा तुकडा बघितल्याशिवाय त्यांना वेगळं करणं अवघड.

म्हणून तुमच्या सर्जनना पहिला प्रश्न हा विचारा, की तीन आठवड्यांपूर्वीची सुई सोनोग्राफीत बघून घातली होती, की हातानं चाचपून? तुमच्या पत्रात ‘दवाखान्यात’ एवढंच आहे, त्यावरून मला वाटतं हातानं चाचपूनच घातली असावी. तसं असेल तर सोनोग्राफीत जे खटकलं तिथंच सुई पोचली का, हे कुणीच छातीठोक सांगू शकत नाही.

स्तनातल्या गाठीचा निकाल आम्ही तीन साक्षीदारांवर लावतो. डॉक्टरांच्या बोटांना काय लागतं, सोनोग्राफी किंवा मॅमोग्राफीच्या फोटोत काय दिसतं, आणि सुईत काय आलं. तिघंही ‘साधी’ म्हणाले तर गाठ वाईट असण्याची शक्यता शंभरात एकाहूनही कमी उरते, मग आम्ही निवांत सहा महिन्यांनी या म्हणतो. तिघंही ‘वाईट’ म्हणाले तर वाद उरतच नाही. भांडण लागतं ते दोघं एक बोलतात आणि तिसरा वेगळं बोलतो तेव्हा. त्या वेळी ज्याचं बोलणं आपल्याला गोड लागतं त्याच्यावर विश्वास ठेवून चालत नाही, चौथा पक्का साक्षीदार आणावा लागतो. तुमच्या घरात सध्या नेमकं हेच चाललंय. सुईचा कागद गोड बोलला म्हणून सोनोग्राफीचा कागद कपाटात गेला. अंबाबाईची ओटी भरलीत ते छानच केलंत, पण सोनोग्राफीचा कागद ‘मला शंका आहे’ असं म्हणतोच आहे, आणि त्याला अजून कुणी उत्तर दिलेलं नाही.

पत्रात मॅमोग्राफीचा उल्लेख कुठंच नाही. तुम्ही लिहायला विसरला असाल तर ठीक, पण केलीच नसेल तर विचारा. चाळिशी ओलांडलेल्या बाईला हाताला लागणारी गाठ असेल तर दोन्ही तपासण्या लागतात, कारण काही गोष्टी, विशेषतः चुन्याचे बारीक कण, मॅमोग्राफीत दिसतात आणि सोनोग्राफीत निसटतात. आणि ती तुकडा काढायच्या आधीच करून घ्यायची. सुईनं आत रक्त साकळलं की फोटोत भलताच डाग दिसतो. पहिल्या सुईला तीन आठवडे झालेत, तेवढ्यात ते बहुतेक निवळलेलं असणार.

आता ह्यांचा मुद्दा. ह्यांना म्हणावं, तुम्ही गुळाच्या अडतीवर बसता. रव्याच्या, म्हणजे ढेपेच्या, कडेची चिमूटभर भुकटी जिभेवर ठेवून तुम्हाला गूळ गोड की खारट हे कळेल. पण आत कणी कशी आहे, पाक नीट बसलाय का, मध्ये मऊ राहिलाय का, हे कळायला रवा कापून आत बघायला लागतं की नाही? बारीक सुई म्हणजे ती चिमूट आहे. तिच्यात पेशी येतात, पण घराच्या भिंती येत नाहीत. स्तनात दुधाच्या बारीक नळ्या असतात. वेड्या झालेल्या पेशी नळीच्या आतच आहेत, की नळीची भिंत फोडून बाहेर पडल्यात, यावर पुढचं सगळं अवलंबून असतं. पट्टीवर पेशी विस्कटून पसरलेल्या असतात, भिंत दिसणार कुठून? मोठ्या सुईनं, ज्याला कोअर बायोप्सी म्हणतात, शेवईच्या तुकड्यासारखा मांसाचा सलग बारीक दांडा निघतो. त्यात पेशी जिथं होत्या तिथंच, भिंतींसकट दिसतात. आणि समजा, न करो अंबाबाई, वाईट निघालंच, तर ईआर, पीआर आणि हर-टू या तपासण्याही त्याच तुकड्यावर होतात, त्यावरून कुठलं औषध लागू पडेल ते ठरतं. पुन्हा सुई लावायला लागत नाही.

पैसे काढायच्या धंद्याबद्दल मी ह्यांच्यावर रागावणार नाही. दवाखान्यात नको त्या तपासण्या लावतात हे काही खोटं नाही, मीही बघितलंय. पण इथं हिशेब उलटा आहे. ज्याला पैसेच काढायचे आहेत तो सरळ म्हणतो, ‘गाठ आहे ना, काढून टाकू, दाखल व्हा.’ असल्या ऑपरेशनचं मला फार वावडं आहे. गाठ कसली हे न ठरवता कापून काढली आणि ती कॅन्सरची निघाली, तर कडा राहून जातात, टाके चुकीच्या जागी पडतात आणि दुसऱ्यांदा कापायला लागतं. आधी तुकडा तपासू, मग ठरवू, असं म्हणणारा सर्जन भेटलाय तर त्याला धरून राहा. खर्चच अडचणीचा असेल तर सीपीआरला जा. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे, पॅथॉलॉजीचा विभाग तिथलाच आहे. रांग लागेल, पण जमेल. आणि उपचारांची वेळ आलीच तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार बसतात, त्यासाठी रेशनकार्ड आणि आधार आतापासून एका पिशवीत घालून ठेवा. लागणार नाहीत बहुतेक, पण असू देत.

ह्यांना अजूनही पटलं नाही तर आणखी एक रस्ता आहे. त्या एफएनएसीच्या काचेच्या पट्ट्या लॅबमधून मागून घ्या आणि दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला दाखवा. पट्ट्यांसोबत सोनोग्राफीचा कागद द्यायला विसरू नका. पेशी पुरेशा होत्या का, एवढं तरी त्यातून कळेल. मात्र यामुळे बायोप्सी टळेल अशी आशा धरू नका. पट्टी कितीही छान निघाली तरी सोनोग्राफीची शंका तिथंच राहते.

आत्तींचं थोडं सविस्तर लिहिते, कारण खरा अडसर तोच असणार, आणि त्यांना ‘तुम्हाला काय कळतंय’ म्हणून गप्प बसवणं मला पटत नाही. त्यांनी जे बघितलं ते खोटं नाही. मावसबहिणीला सुई लावली आणि पुढं थोड्या महिन्यांत ती गेली. फक्त आधी काय होतं ते त्यांनी बघितलेलं नाही. त्या काळी बायका गाठ पदराखाली दोन-दोन वर्षं लपवायच्या. लेप लावायचे, भस्म लावायचं. कातडी लाल होऊन जखम वाहायला लागली की मग डॉक्टर. तोवर आजार हाडात, फुप्फुसात गेलेला. मग सुई लागायची, रिपोर्ट यायचा, आणि बाई जायची. बघणाऱ्याला वाटणार, सुईनंच घात केला. कोंबडं झाकून ठेवलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, तसंच सुई टाळली म्हणून आतलं वाढायचं थांबत नाही.

त्यांच्या बोलण्यातला खरा अंशही सांगते, नाहीतर मी अर्धंच बोलले असं होईल. सुईच्या वाटेवर चार-दोन पेशी सांडू शकतात. तसं सापडलंही आहे. पण अशा सांडलेल्या पेशी बहुधा तिथंच मरून जातात, आणि कॅन्सर निघालाच तर पुढचं ऑपरेशन आणि शेक, म्हणजे रेडिएशन, यांत ती वाट बंद होते. सुई लावल्यामुळं बायकांचं आयुष्य कमी झालं, असं इतक्या वर्षांत कुठं दिसलेलं नाही. जगभर स्तनाच्या गाठीवर उपचार सुरू करायच्या आधी सुई लावतातच, टाळत नाहीत. आत्तींना एकदा सर्जनकडे बरोबर घेऊन जा. सुनेनं सांगितलेलं आणि डॉक्टरांच्या तोंडून ऐकलेलं यात फरक पडतो, सासवांच्या बाबतीत तर फारच.

आणि एक गोष्ट तुमच्यासाठी. ‘दुखत नाही म्हणून महिनाभर बोलले नाही’ असं लिहिलंय. मनाला लावून घेऊ नका, महिन्यानं फार बिघडत नाही. पण पेठेतल्या बाकीच्या बायकांना, ब्लाउज शिवायला येतात त्यांना, जाता जाता सांगा, की दुखणारी गाठ बहुतेक वेळा पाळीच्या आगेमागेची असते आणि वाईट गाठ सुरुवातीला बरेचदा अजिबात दुखत नाही. न दुखणं ही काही गाठ साधी असल्याची खूण नव्हे.

नवरात्राचं काय करायचं? खरं सांगायचं तर दोन-तीन आठवडे इकडे-तिकडे झाल्यानं गाठ काही पळून जात नाही. घट बसायच्या आधी दिवस मिळाला तर उत्तम, नाहीतर दसरा झाला की लगेच. पण ‘दिवाळी झाल्यावर’ म्हणजे काय ते तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही. दिवाळी झाली की तुळशीचं लग्न, मग मार्गशीर्षातले गुरुवार, मग लग्नसराई आणि तुमच्या मशीनवर ब्लाउजचे ढीग. तोवर जोतिबाची चैत्र यात्रा येईल. म्हणून ‘नंतर बघू’ म्हणू नका, तारीख ठरवून कॅलेंडरवर लिहा. देवाधर्माला यात काही आड येत नाही. उपवास असला तरी चालतं, फक्त त्या दिवशी केळ, दूध, काहीतरी पोटात घालून जा. सुई बघून घेरी येते ती उपाशीपोटीच जास्त.

प्रत्यक्षात काय होतं ते सांगते, म्हणजे धास्ती राहणार नाही. पलंगावर उताणं झोपवतात, डावा हात डोक्यामागं. सोनोग्राफीच्या पडद्यावर गाठ धरतात, कातडी बधिर करायचं इंजेक्शन देतात. तेवढंच काय ते झोंबतं. मग पाव सेंटीमीटरची चीर आणि त्यातून मोठी सुई, साधारण दोन मिलिमीटर जाडीची. तुकडा कापताना ‘खट्’ असा आवाज येतो, स्टेपलरसारखा. आधी सांगतातच, तरी पहिल्या वेळी सगळ्या दचकतात. असं चार-पाच वेळा. मग दहा-पंधरा मिनिटं दाबून धरतात, पट्टी लावतात आणि घरी सोडतात. टाका लागत नाही. दोन-चार दिवस हिरवंनिळं दिसेल, घाबरू नका. त्या दिवशी बर्फ फडक्यात गुंडाळून लावा. मशीनचं पायडल दुसऱ्या दिवसापासून मारलंत तरी चालेल, कापडाचे गठ्ठे मात्र दोन दिवस ह्यांना उचलू देत. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आधी सांगा, आपल्या मनानं बंद करू नका. रिपोर्टला चार दिवस ते आठवडा लागतो, कारण तुकडा औषधात मुरवून, मेणात बसवून, पापुद्र्यासारखा कापायचा असतो.

रिपोर्ट आला की तो एकटा वाचू नका. सर्जनना सोनोग्राफीचा कागद शेजारी ठेवून एवढंच विचारा, ‘या तुकड्यात जे सापडलं त्यानं फोटोतल्या डागाचा उलगडा होतो का?’ होत असेल आणि गाठ साधी असेल तर सहा महिन्यांनी पुन्हा सोनोग्राफी, बस्स. होत नसेल तर तेच पुढचं सांगतील, आणि ते ऐका, मग पूर्ण गाठ काढून तपासायची म्हणाले तरी. आणि कधीही, कुठंही, कितीही लहान गाठ काढली तरी ती तपासायला पाठवल्याशिवाय बाहेर पडू नका. काढलेली गाठ नुसती टाकून दिल्याच्या गोष्टी मी ऐकल्यात.

शेवटचं, बारीकसं. त्या दिवशी साडी किंवा ड्रेस कसलाही चालेल, पण ब्लाउज किंवा कुर्ता समोरून बटणांचा आणि थोडा सैल हवा. नंतर पट्टीवरून हात वर करून काही काढायला-घालायला नको वाटतं. बाजारात शोधत बसू नका. एवढे दुसऱ्यांचे नवरात्राचे ब्लाउज शिवताय, त्यात एक स्वतःसाठी बसेलच, एका संध्याकाळचं तर काम.